हरणाबाईंचा डावा कान

आमचे घरमालक माणसांना अरे-तुरे करायचे आणि गुरांना अहो-जाहो.

हे मला खोली बघायला गेलो त्याच दिवशी कळलं. खारघरच्या पार टोकाला, डोंगराकडे तोंड करून असलेल्या एका सोसायटीत त्यांचा फ्लॅट होता आणि त्यातली एक खोली भाड्यानं द्यायची होती. दार उघडलं तर समोर लुंगी लावलेला, पांढऱ्या मिशांचा, अंगानं आडवा माणूस. कानाला फोन. मला हातानंच थांबवून ते फोनवर सांगत होते, "त्यांना म्हणावं, घाई करू नका. कोमट पाणी पाजा त्यांना. पहिलटकरीण आहेत, घाबरणारच की. पाठीवरनं हात फिरवा त्यांच्या." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे? तुला काय पायजे?"

मी खोलीचं बोललो. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. "चालून दाखव," म्हणाले.

"म्हणजे?"

"तिकडच्या खिडकीपर्यंत जा आणि परत ये."

मी गेलो आणि आलो. ते खाली वाकून माझे पाय बघत होते. "डावा पाय जरा आत टाकतोस. रोग नाय, सवय आहे. राहा." कामाला कुठे, असं मग विचारलं. मी सांगितलं, तळोज्याला, केमिकल कंपनीत लॅबमध्ये. "बरं, केमिकल. चहा टाक." त्या घरात राहिलो तितकी वर्षं माझं नाव केमिकलच होतं. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

ते गुरांचे डॉक्टर होते. मूळचे साताऱ्याकडचे, पण सगळी नोकरी रायगड जिल्ह्यात पशुसंवर्धन खात्यात झाली होती. बायको लवकर गेली होती. एकुलती एक मुलगी होती, तिला लहानपणी कुठे ठेवायचं म्हणून ते गोठ्यागोठ्यांतून बरोबर न्यायचे. ती मोठी झाली आणि तीही गुरांचीच डॉक्टर झाली, बापाच्याच जुन्या तालुक्यात नोकरीला लागली. तिला सगळे ताई म्हणायचे. दर रविवारी ती दुपारी जेवायला यायची, येताना मासळी आणायची आणि बापाशी तासभर भांडून, हसून, पुन्हा आपल्या गावी जायची.

सोसायटीत डॉक्टरांना लोक थोडे घाबरूनच असायचे. लिफ्टमध्ये एखादी बाई दिसली की विचारायचे, "रात्री झोप लागत नाय ना तुला? डोळे सांगतात." सेक्रेटरी सर्वसाधारण सभेत फारच लांबण लावायला लागले तेव्हा हे मागून म्हणाले, "अरे, पोट फुगलंय तुझं, आधी सोड." दुधाची पिशवी घरात चालायची नाही. लांब कुठून तरी एका गोठ्यातलं दूध यायचं, ते झाकण उघडून आधी हुंगायचे आणि सांगायचे, "काल यांना उसाचं वाढं घातलंय." खरं असेल की नाही कोण जाणे. मी कधी विचारायला गेलो नाही.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाला ते दर वेळी नव्यानं भेटायचे. पण एकदा पाहिलेलं जनावर ते विसरत नसत. कुठल्या गाईच्या कपाळावरचा भोवरा डावीकडे आहे, कुठल्या म्हशीच्या वरच्या ओठावर काळा ठिपका आहे, हे त्यांना वीस वर्षांनीही सांगता यायचं. मला वाटायचं, थापा मारतात.

सरकारी अनुदानावर मात्र त्यांचा एखाद्या भाविकासारखा विश्वास होता. टीव्हीवर कुणी अनुदानाला नावं ठेवायला लागलं की ते टीव्हीशी भांडायचे. "लेका, मी बघितलंय. दारात दावं नसलेल्या घरात अनुदानाची गाय गेली की वर्षात पोरांच्या गालांवर मांस दिसायला लागतं. पैसा सरकारचा असतो, पण दूध खरं असतं." आयुष्यभर त्यांनी तेच काम केलं होतं. सरकार दुधाळ गाई घ्यायला शेतकऱ्याला पैसे देणार आणि डॉक्टर बाजारात जाऊन गाय पारखून देणार. निवृत्त व्हायच्या आधी शेवटच्या खेपेला त्यांनी पनवेलच्या बाजूच्या एका शेतकऱ्याला गाई निवडून दिल्या होत्या. त्यातल्या एकीवर त्यांचा फार जीव होता. तिचं एक शिंग पुढे वळलेलं होतं, डोळे काजळ घातल्यासारखे होते. तिला ते हरणाबाई म्हणायचे.

एक दिवस मी कामावरून आलो तर डॉक्टर ओल्या अंगानं बाल्कनीत बसलेले. थंड पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली होती. गॅस पेटलेला नव्हता. "काय झालं?" मी विचारलं.

"त्या गेल्या रे."

मला वाटलं, कुणी बहीण, वहिनी असेल. मी शेजारी बसलो. मग विचारलं, "वय काय होतं?"

"आठ. फार तर नऊ."

मी हादरलो. लहान मुलगी! मला डोळ्यांत पाणी आलं. मग ते म्हणाले, "दोन वेळचं मिळून चौदा लिटर द्यायच्या," तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

त्या वर्षी गुरांत साथ आली होती. गावोगाव जनावरं मरत होती. सरकारनं मदत जाहीर केली होती, ज्याचं जनावर साथीत गेलं त्याच्या खात्यात पैसे. आणि हरणाबाईंचा मालक दोनच दिवसांनी आमच्या घरी आला. गळ्यात सोन्याची साखळी, पायांत पांढरे बूट. व्हिजिटिंग कार्डावर स्वतःला 'प्रगतशील शेतकरी' म्हणवून घ्यायचा. पण त्या दिवशी दारातच डॉक्टरांच्या पायांशी बसला.

"साहेब, पोरी गेल्या माज्या. तुमी निवडून दिलेल्या. एकामागं एक. गोठा मोकला झाला."

"हरणाबाई कशा गेल्या?"

"ती ना, माज्या मांडीवर डोका ठेवून गेली."

डॉक्टर रडले. मी त्यांना रडताना तेव्हा एकदाच पाहिलं. मालक डोळे पुसत म्हणाला, "ताईंनी लय केला साहेब. पंचनामे लगेच केले. पैसे पन येतील. पन पैशानं काय पोरी परत येतात?"

त्या रविवारी ताई जेवायला आली ती दमून गेलेली होती. जेवताना म्हणाली, "बाबा, दिवसभर नुसते कान हातात घेते." प्रत्येक जनावराच्या कानात सरकारी नंबराचा पिवळा बिल्ला असतो. मदत हवी तर मेलेल्या जनावराचा बिल्ला जमा करायचा. लोक नुसते बिल्ले उपटून आणायला लागले, म्हणून त्यांच्याकडे वरून आदेश आला होता की बिल्ला कानासकट आणायचा. कान कापून आणला म्हणजे जनावर मेलं हे नक्की.

डॉक्टर घास गिळून म्हणाले, "चांगला नियम आहे. चोराला बरोबर आडवा येईल."

हे वाक्य मला नंतर फार वेळा आठवलं.

पुढे बरेच महिने गेले. मेट्रो सुरू झाली आणि माझं तळोज्याला जाणं सोपं झालं. डॉक्टरांना मेट्रोचं वेड लागलं, कारण शेवटच्या स्टेशनापलीकडे थोडं चाललं की तबेले होते. "आठवड्यातनं एकदा शेणाचा वास घेतला नाय तर मला सर्दी होते," म्हणायचे आणि रविवारी सकाळी मलाही ओढून न्यायचे. एका रविवारी आम्ही नेहमीच्या रस्त्यानं न जाता मागच्या बाजूला वळलो. तिथे नवी पत्र्याची शेड दिसली. पाटी नवी होती, सरकारी योजनेचं नाव आणि खाली एका बाईचं नाव, लाभार्थी म्हणून. आत गाई बांधलेल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून.

डॉक्टरांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, ते नेहमी काढायचे तसा. सगळ्या गाईंनी एकदम माना वळवून आमच्याकडे पाहिलं.

काहीतरी चुकीचं दिसत होतं, पण काय ते मला पटकन कळेना. चेहरे सगळे एका बाजूला कलल्यासारखे वाटत होते. मग लक्षात आलं, प्रत्येक गाईला एकच कान होता. उजव्या कानात नवाकोरा पिवळा बिल्ला. डाव्या बाजूला काहीच नाही, नुसतं भोक आणि त्याभोवती गुलाबी, चकचकीत कातडी.

मी शहरात वाढलेलो. मी विचारलं, "डॉक्टर, ही कुठली जात?"

ते भिंतीला हात लावत लावत आत गेले. चौथ्या की पाचव्या गाईपाशी थांबले. तिचं एक शिंग पुढे वळलेलं होतं. डोळे काजळ घातल्यासारखे.

"अहो," ते म्हणाले. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि ती मान खाली घालून त्यांचा शर्ट हुंगत राहिली.

मला आत्ता कुठे समजत होतं. जी गाय मेली म्हणून या माणसानं थंड पाण्यानं आंघोळ केली होती, ती आमच्यासमोर उभी राहून शर्ट हुंगत होती. आणि मेल्याची खूण म्हणून जो कान सरकारात जमा झाला होता, तो ती जिवंत असताना, दाव्याला बांधलेली असताना, कुणीतरी कापला होता. हिचाच नाही. या सगळ्यांचा. मी शेडच्या बाहेर जाऊन बसलो.

शेड सांभाळणारा एक भय्या होता. तो डॉक्टरांना ओळखत होता. त्यानं लपवलं काहीच नाही, त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "सब सब्सिडी में आई हैं साहब. शेठानी के नाम पे. कान पहले से ऐसे ही थे." शेठ कोण, हे विचारायची गरज नव्हती. पांढऱ्या बुटांचा मालक होता तो.

डॉक्टर बाहेर आले. चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कळत नव्हतं. "सरकारनं यांना एकदा विकत घेतलं. मग मेल्या म्हणून पैसे दिले. मग पुन्हा विकत घेतलं. केमिकल, पुढची साथ आली की उजवा कान जाणार रे."

एवढं बोलून ते पुन्हा आत गेले आणि हरणाबाईंचं दावं सोडून त्यांना बाहेर घेऊन आले.

"साहब, शेठ को फोन करना पडेगा," भय्या घाबरून म्हणाला.

"कर की. सांग, डॉक्टर आले होते, हरणाबाईंना घेऊन गेले."

मी म्हटलं, "डॉक्टर, फोटो काढू, पोलिसांत जाऊ. अशी गाय कशी नेता? चोरी होईल ती."

"मेलेल्या गाईची चोरी होत नाय," ते म्हणाले आणि चालायला लागले.

त्या दिवशी आम्ही मेट्रोच्या पुलाखालून तळोज्याहून खारघरपर्यंत एका गाईबरोबर चालत आलो. ती गाभण होती, हे डॉक्टरांनी वाटेत पोटाला हात लावून सांगितलं. रिक्षावाले हॉर्न देत होते, गाड्यांतून लोक हात बाहेर काढून नमस्कार करत होते. कानाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

सोसायटीच्या गेटवर वॉचमननं सलाम केला आणि मग गाय बघून गेट लावायला धावला. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. हरणाबाईंना पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये खांबाला बांधलं आणि मला वरून बादलीभर पाणी आणायला पाठवलं. मी खाली येईतो सेक्रेटरी आले होते. "डॉक्टरसाहेब, पेट्स अलाउड आहेत, मान्य. पण बायलॉजमध्ये गाय... लोकांच्या गाड्या आहेत, टेन्शन होतं हो."

"तू बाजूला हो. यांना वारा लागू दे," डॉक्टर म्हणाले.

दुपारी ताई आली. गाडी लावायला पार्किंगमध्ये वळली आणि समोर बाप, मी आणि गाय. हसतच उतरली. "बाबा, हे काय नवीन?"

डॉक्टर तिच्याशी बोलले नाहीत. गाईकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "हरणाबाई, या आमच्या डॉक्टरीणबाई. यांनी तुम्हाला मेलेलं दाखवलंय."

ताईचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यातला जीव गेला. ती पुढे आली. कापलेल्या जागेवरून तिनं बोट फिरवलं. मी काही न सांगताही तिला सगळं कळत होतं, ती डॉक्टर होती. मेलेल्या जनावराची जखम भरून येत नाही, आणि ही केव्हाच भरून आली होती. कड सरळ होती, एका दमात ओढलेल्या पात्याची.

"कान तू बघितलास?" डॉक्टरांनी विचारलं.

"पिशवीतून आणून दिले. मी बिल्ल्यांचे नंबर वाचले."

"गोठ्यावर गेली नव्हतीस?"

"रोज इतके फोन यायचे, बाबा. एका दिवसात कुठे कुठे जायचं? त्याच्याकडे सगळे जात होते, पुढारी, साहेब. तो म्हणाला, पुरल्या पण. फोटो दाखवले."

"रक्त होतं?"

ताईचं बोट त्या कडेवरून फिरत राहिलं.

"मी काय विचारतोय? मेल्यावर कापलेल्या कानातनं रक्त गळत नाय. पिशवीत रक्त होतं का?"

"होतं," ती म्हणाली. "ताजं होतं. लाल होतं. मला दिसलं होतं, बाबा."

मी आजवर बरंच काही ऐकलंय, पण त्या एका वाक्यानं माझ्या अंगावर जो काटा आला तसा पुन्हा कधी आला नाही. तिनं पैसे खाल्ले नव्हते. ती वाईट मुलगी नव्हती. तिनं फक्त पाहिलं होतं आणि सही केली होती.

तेवढ्यात गेटमधून मोठी पांढरी गाडी आत आली. मालक उतरला. बरोबर दोघे होते, ते गाडीलाच टेकून उभे राहिले. मालक हसत हसत आला आणि डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला. डॉक्टर मागे सरकले.

"साहेब, तुमचा कायतरी गैरसमज झालाय. गाई सगल्या सारख्याच दिसतात. ही माज्या मिसेसची हाय, नवीन घेतलेली."

"बरं. मग मिसेसला बोलाव. पोलिसांना पण बोलाव. त्यांच्यासमोर म्हण, ही माझी गाय, या माणसानं चोरली. जा घेऊन मग."

मालकानं गाईकडे पाहिलं, आजूबाजूच्या बाल्कन्यांतून फोन धरून उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. मग ताईकडे वळला. आवाज अगदी गोड होता.

"ताई, मी काय बोलत नाय. पन कागदावर सही तुमची हाय. माजी नाय."

आणि तो निघून गेला. गाय तिथेच राहिली.

वर गेल्यावर मासळीची पिशवी ओट्यावर तशीच पडून राहिली. बापलेक समोरासमोर बसले. मी माझ्या खोलीत गेलो, पण दार उघडंच होतं आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती.

"उद्या मी स्वतः जाते," ताई म्हणाली. "बेलापूरला, साहेबांकडे. सगळं लिहून देते. मी गोठ्यावर न जाता सही केली, हेही. पण मला स्वतःला जाऊ द्या, बाबा. तुम्ही यात येऊ नका."

"बरं," डॉक्टर म्हणाले.

हे 'बरं' मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

सकाळी मी उठलो तर डॉक्टर कपडे करून तयार. इस्त्रीचा शर्ट, बूट. "केमिकल, गाडी काढ. बेलापूरला सोड मला." मला वाटलं, मुलीबरोबर उभं राहायला चाललेत. ऑफिस उघडायच्या आधीच आम्ही पोचलो. दार उघडल्याबरोबर ते आत गेले. मी बाहेरच्या बाकावर थांबलो. बऱ्याच वेळानं ताई जिना चढून आली, हातात फाइल. मला बघून थबकली. आणि त्याच वेळी साहेबांच्या केबिनमधून डॉक्टर बाहेर आले.

तिला काही विचारावं लागलं नाही.

"तुम्ही माझं नाव दिलंत?"

"सगळ्यांची दिली. त्याचं, तुझं. बाकीच्या तिथं अडकल्यात गं. तू येणार, मग लिहिणार, मग चौकशी. तोवर तो त्यांना हलवेल. मला थांबवेना."

"त्या कालच हलल्या, बाबा," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तुम्ही भरदिवसा फोन करायला सांगून हरणीला वाजतगाजत घेऊन आलात, तेव्हाच ट्रक आला. मी सकाळी तिथूनच येतेय. शेड रिकामी आहे. धुऊन काढलीय."

डॉक्टर जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. ती त्यांच्या बाजूनं केबिनमध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

मला आजही ठरवता येत नाही. ते चुकले असं म्हणवत नाही, आणि बरोबर होते असं म्हणायला जीभ रेटत नाही. पोटच्या पोरीला त्यांनी एका सकाळची सवड दिली नाही. आधी ती बोलली असती तर चूक कबूल करणारी अधिकारी ठरली असती. आता तिच्या बापानं तिच्याविरुद्ध तक्रार दिली होती, आणि पकडली गेल्यावर तिनं कबुली दिली, असं कागदावर आलं. ती निलंबित झाली. चौकशीत खात्यातल्या सगळ्यांच्या सह्या निघाल्या, पण इतरांची बाजू घ्यायला कुणी ना कुणी होतं. मालकानं काही पैसे परत भरले. पुढच्या वर्षी तो एका शेतकरी मेळाव्याच्या फलकावर हात जोडून उभा दिसला. बाकीच्या गाई कुठे गेल्या, हे कुणालाच कळलं नाही. डॉक्टर किती तरी रविवार पनवेल, तळोजा, कर्जत, जिथे जिथे तबेले आहेत तिथे फिरत राहिले, एका कानाची गाय दिसते का बघत.

हरणाबाईंचं काय करायचं हा प्रश्नच होता. सरकारी हिशेबात त्या मेलेल्याही होत्या आणि दुसऱ्या नावानं जिवंतही, आणि दोन्हींपैकी कुठलाच मालक पुढे येत नव्हता. शेवटी डोंगराच्या पायथ्याच्या गावातल्या एका म्हाताऱ्या आगरी बाईनं त्यांना आपल्या गोठ्यात घेतलं. तिची जमीन कधीच टॉवरखाली गेली होती, पण दोन गाई तिनं हट्टानं ठेवल्या होत्या. आम्ही तिला काकी म्हणायचो.

ताईचं येणं बंद झालं. फोनही नाही. तिनं खारघरलाच कुत्र्यामांजरांचा छोटा दवाखाना काढला, आमच्यापासून चार सेक्टर पलीकडे. मी एकदा मुद्दाम गेलो होतो. ती एका मांजराचं नख कापत होती. मी म्हटलं, "ताई, ते फार एकटे पडलेत." ती मांजराला सोडून म्हणाली, "त्यांचं चुकलं असतं ना, तर मी कधीच त्यांच्याकडे परत गेले असते. त्यांचं चुकलं नाही, तेच मला सहन होत नाही."

मी तिथून निघालो तेव्हा बाहेर एक बाई कडेवर पामेरियन घेऊन थांबली होती.

हरणाबाईंचे दिवस भरले. दुपारची वेळ होती, मला सुट्टी होती. काकींचा फोन आला तसा डॉक्टरांनी मला गाडी काढायला लावली. गोठ्यात गेलो तर हरणाबाई आडव्या पडलेल्या, अंग घामानं काळं झालेलं. "डाक्टर, हिचा काय खरा नाय दिसत," काकी म्हणाल्या. "सकालपासून नुसती तलमलतेय. पानी पन पीत नाय."

डॉक्टरांनी शर्ट काढला, खांद्यापर्यंत हात साबणानं धुतला आणि आत घातला. त्यांचे डोळे मिटलेले. हात आत वळत होता, थांबत होता, पुन्हा वळत होता. हरणाबाईंची कळ आली तेव्हा डॉक्टरांच्या तोंडून कण्हणं बाहेर पडलं. त्यांनी हात बाहेर काढला.

"वासरू आडवं आहे," ते म्हणाले. "मान मागं गेलीय. माझा हात तिथवर पुरत नाय. आता नाय पुरत."

त्यांनी ओल्या हातानं फोन उचलला, मलाच नंबर लावायला सांगितला आणि कानाशी धरायला लावला.

"अगं," ते म्हणाले, "हरणाबाई अडल्यात. मान मागं आहे. मला जमत नाय."

पलीकडून काय आलं मला ऐकू गेलं नाही. त्यांनी फक्त "काकींच्यात" एवढंच म्हटलं.

ताई अर्ध्या तासाच्या आत आली. दवाखान्यातला निळा कोट अंगावर तसाच होता. बापाकडे न बघता ती गुडघ्यांवर बसली, बाह्या वर सारल्या. डॉक्टर तिच्या शेजारी बसले, एक हात हरणाबाईंच्या पोटावर ठेवून.

"सापडली मान?"

"नाकपुडी लागली."

"कळ येऊ दे. आता ढकल. मागं ढकल, ओढू नको."

"कळतंय मला."

"बरं."

मी आणि काकी नुसते बघत होतो. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एकदा ताई म्हणाली, "थांबा," आणि डॉक्टर थांबले. मग ती म्हणाली, "आता," आणि दोघांनी मिळून ओढलं. वासरू एकदम बाहेर आलं, गवतावर पडलं, निळसर आणि निपचित. ताईनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, डॉक्टरांनी मागचे पाय धरून उलटं केलं, तिनं छातीवर जोरात चोळलं. काकी देवाचं नाव घेत होत्या. वासरू शिंकलं.

"कालवड हाय," काकी म्हणाल्या आणि तिथेच खाली बसून रडायला लागल्या.

ताई अंगणातल्या नळावर गेली. डॉक्टर तिच्या मागे टॉवेल घेऊन गेले आणि उभे राहिले. तिनं हात धुतले, टॉवेलनं पुसले आणि टॉवेल त्यांच्याकडे परत दिला. तेव्हा तिनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"उजवा खांदा सुजलाय तुमचा," ती म्हणाली. "हात वर करून दाखवा. एवढाच जातोय? कधीपासून आहे?"

"झाले महिने."

"माणसांच्या डॉक्टरला दाखवा," ती म्हणाली. "उद्याच्या उद्या."

स्कूटर सुरू करून ती गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डॉक्टर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हाडांच्या डॉक्टरकडे खांदा दाखवून आले.